जुन्या खेळाची ओढ : औषध किती, पथ्य काय?

दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी काळाप्रमाणे बदलत असतात. अलीकडे चाळिशी-पंचेचाळिशीतले रुग्ण, त्यातही शिक्षक, ग्रामसेवक, दुकानदार मंडळी, तीन तक्रारी एकत्र घेऊन येतात. डोळे चुरचुरतात, मान अवघडते आणि रात्री झोप उशिरा लागते. मोबाईलवर काय पाहता, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर बातम्या किंवा व्हिडिओ हेच असते. पण काही जण थोडे ओशाळून सांगतात, "हसू नका डॉक्टरसाहेब. कॉम्प्युटर क्लासला असताना तो 'प्रिन्स' खेळायचो बघा, तोच आता परत खेळतोय."

यात हसण्यासारखे काही नाही. माणूस जुनी गाणी ऐकतो, जुने सिनेमे पुन्हा पाहतो, तसाच जुना खेळ पुन्हा खेळतो. पण त्याच्याबरोबर डोळे, मान, झोप आणि मन या चारही गोष्टी गुंतलेल्या असल्यामुळे आज त्याविषयी बोलू.

हे खेळ कोणते?

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख. धडाधड गोळ्या झाडण्याचे खेळ वेगळे आणि हे वेगळे. यात एक गोष्ट असते आणि गोष्टीच्या वाटेवर कोडी पेरलेली असतात. दार बंद आहे, किल्ली कुठे असेल? या फरशीवर पाय दिला की पलीकडची जाळी उघडते, पण ती पुन्हा खाली येण्याच्या आत तिथे पोचायचे कसे? कोडे सुटले की गोष्ट पुढे सरकते.

या प्रकारचा आद्य खेळ अमेरिकेत जन्मला, आणि त्याच्या जन्मामागे एका बापाची माया आहे. विल क्राउदर हा संगणकतज्ज्ञ केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहांचा शोध घेणाऱ्यांपैकी एक होता. पत्नीपासून विभक्त झाल्यावर त्याला आपल्या मुलींची उणीव भासू लागली. त्या भेटायला येतील तेव्हा त्यांना खेळायला काहीतरी हवे, म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास नुसत्या शब्दांचा एक खेळ लिहिला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर गुहेचे वर्णन उमटायचे आणि खेळणाऱ्याने 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असे एकदोन शब्दांचे हुकूम टाइप करायचे. १९७७ साली डॉन वुड्स या तरुणाने त्यात भर घातली आणि 'कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' या नावाने तो सर्वदूर पसरला. आपली धाराशिवची लेणी ज्यांनी लहानपणी हातात बॅटरी घेऊन पाहिली असतील, त्यांना या खेळातली गंमत समजावून सांगायला नको.

पुढे चित्रे आली. १९८९ साली जॉर्डन मेकनर या तरुणाचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आला. त्यातल्या राजपुत्राची चाल खरी वाटावी म्हणून मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्र रेखाटला. १९९३ साली रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा 'मिस्ट' आला. एक निर्मनुष्य बेट, जुनी यंत्रे, पुस्तके आणि कोडी. त्याला सीडी लागत असे, त्यामुळे तो आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिला. एका फ्लॉपीत मावणारा 'प्रिन्स' मात्र गावोगाव पोचला.

आपल्या भागात संगणक घरात नव्हता, क्लासमध्ये होता. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा, म्हणजे एमकेसीएलचा, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग निघाले. शिकवून झाल्यावर उरलेली दहा मिनिटे 'प्रिन्स'ची किंवा 'डेव्ह'ची. एका संगणकापुढे तिघे जण. एकाचे हात कीबोर्डवर, दुसरा 'मार उडी, मार उडी' म्हणून ओरडणारा आणि तिसरा सर येतात का म्हणून दाराकडे बघणारा. भारनियमनाची वेळ झाली की यूपीएस टूं-टूं करू लागायचा आणि राजपुत्र भिंतीला लटकलेला असतानाच अंधार व्हायचा. ती पिढी आज चाळिशीत आहे, आणि माझ्यासमोर बसून मान चोळते आहे.

शरीर काय म्हणते?

चष्म्यालाच आपण मराठीत 'चाळिशी' म्हणतो. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे अक्षर अंधूक दिसू लागते. जुन्या खेळांची चित्रे आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके एवढ्यातच बसवलेली असत आणि ती टेबलावरच्या मॉनिटरवर पाहिली जात. तेच चित्र आता तळहाताएवढ्या मोबाईलवर, तेही वय वाढलेल्या डोळ्यांनी पाहायचे म्हणजे डोळे ताणले जाणारच. डोके दुखते म्हणून गोळी घेण्याआधी एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट पापण्यांची. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवतो. कोडे सोडवताना नजर पडद्यावर खिळते आणि हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्यामुळे डोळ्यांचा ओलावा आटतो, चुरचुर होते, वाळू गेल्यासारखे वाटते. उपाय सोपा आहे. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात. दुकानातून मनाने आणलेले थेंब घालू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते आणि ते दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो.

मानेचे म्हणाल तर आमच्या तेरखेड्यात तिला मुळातच विश्रांती कमी. फटाक्यांच्या कारखान्यात दिवसभर खाली वाकून हाताने काम करणाऱ्या बाया-माणसांनी घरी येऊन पुन्हा तशीच मान घालून मोबाईल पाहिला, तर स्नायूंनी विसावायचे कधी? मोबाईल डोळ्यांच्या पातळीवर धरावा, पाठीला टेकू घ्यावा. अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखू लागले आणि मूठ मिटताना कळ आली, तर तिथल्या स्नायुबंधाला सूज आली असे समजावे. सुरुवातीला विश्रांतीनेच ती बरीचशी ओसरते. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. दारूकामाच्या ठिकाणी मोबाईल नेऊच नये, खेळासाठी नाही आणि बोलण्यासाठीही नाही.

बुद्धी तल्लख होते का?

"कोड्यांनी मेंदूला व्यायाम होतो ना हो डॉक्टर? म्हातारपणी विसरभोळेपणा येणार नाही ना?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर थोडे निराश करणारे आहे. ब्रिटनमध्ये ११,४३० माणसांना सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळायला लावले होते. तो अभ्यास २०१० साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जो खेळ खेळला त्यात माणसे तरबेज झाली, पण ज्यांचा सराव केला नव्हता अशा इतर बौद्धिक चाचण्यांत तो फायदा उतरला नाही. एका विहिरीत पोहायला शिकलेला दुसऱ्या विहिरीतही पोहतो, तसे इथे झाले नाही.

त्यात आपण बोलतो आहोत ते जुना खेळ पुन्हा खेळण्याविषयी. कोणत्या फरशीखाली काटे आहेत हे ज्याच्या बोटांनाच पाठ आहे, त्याला ते कोडे उरलेच कुठे? त्याला आनंद मिळतो, आणि आनंद ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याला मेंदूचे टॉनिक म्हणू नये.

विसरभोळेपणा टाळायचा असेल तर काय करावे, हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ साली सांगितले आहे. स्मृतिभ्रंशाची जगातली जवळजवळ ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येण्याजोग्या १४ कारणांशी जोडलेली आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, व्यायामाचा अभाव, कमी ऐकू येऊनही यंत्र न लावणे, मोतीबिंदूसारखा दृष्टिदोष तसाच ठेवणे, नैराश्य आणि माणसांपासून तुटणे ही त्यातली काही. म्हणजे रोज तासभर कोडी सोडवणारा माणूस रक्तदाबाची गोळी चुकवत असेल, तर त्याचा जमाखर्च तोट्यातच जातो. या यादीतले शेवटचे कारण, माणसांपासून तुटणे, लक्षात ठेवा. त्याकडे पुन्हा येऊ.

खेळ संपतो, की संपतच नाही?

जुन्या खेळांची एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला आवडते. ते संपत. 'प्रिन्स'मध्ये राजकन्येला सोडवायला बरोबर साठ मिनिटे मिळतात. साठ मिनिटे झाली की खेळ खलास. 'मिस्ट'ची कोडी सुटली की बेटावर करायला काही उरत नाही. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असावी, तसे हे आहे.

आजच्या मोबाईलवरचे बरेचसे खेळ मुद्दाम न संपणारे बनवलेले असतात. रोज नवे बक्षीस, दर तासाला नवी सूचना, आणि थोडे पैसे भरा म्हणजे पुढची पातळी उघडेल असे आमिष. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांनी किती घरे बसवली हे सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. त्याची खूण अशी, की खेळावरचा ताबा सुटतो, जेवण, काम, नातीगोती यांच्याआधी खेळ येतो, आणि नुकसान दिसत असूनही तो थांबत नाही. हे साधारण वर्षभर चालले तर त्याला आजार म्हणतात. आठवड्यातून दोनदा जुना 'प्रिन्स' खेळणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. घरच्यांनी उगाच त्याला व्यसनी ठरवू नये.

ओढ लागणे हा आजार आहे का?

गंमत अशी की एके काळी तो आजारच मानला जात होता. जुन्या दिवसांच्या हुरहुरीला इंग्रजीत 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. हा शब्द कवीने नव्हे, वैद्यकाने घडवला. योहानेस होफर या स्विस तरुणाने १६८८ साली बाझल येथे आपल्या वैद्यकीय प्रबंधात तो प्रथम वापरला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून दूर राहणारी तरुण माणसे खंगतात, झोप उडते, अन्न जात नाही, आणि घरी पाठवले की सुधारतात, असे त्याने नोंदवले होते.

आपल्या बायकांना याचे नवल वाटणार नाही. माहेरची ओढ हे दुखणे त्यांच्या ओव्यांत पिढ्यानपिढ्या आहे. ऊसतोडीला गेलेला मजूर सणाच्या दिवशी फडात गप्प बसतो, ते हेच दुखणे.

आताचे शास्त्र वेगळे सांगते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टंटाइन सेडिकिडिस आणि टिम विल्डशुट या मानसशास्त्रज्ञांनी २००६ पासून यावर बरेच संशोधन प्रसिद्ध केले. त्यांना असे दिसले की मन खिन्न असते, एकटे वाटते तेव्हा ही हुरहुर जागी होते. आणि ती जागी झाली की एकटेपणा थोडा हलका होतो, आपण कोणाचे तरी आहोत असे वाटते. ताप हा जसा शरीराने जंतूंशी चालवलेल्या झगड्याची खूण, तशी ही हुरहुर म्हणजे एकटेपणाशी मनाने चालवलेला झगडा. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. अशा आठवणीत माणूस सहसा एकटा नसतो. त्याच्याभोवती जवळची माणसे असतात.

कडू आठवणींचे काय?

मात्र सगळ्याच आठवणी गोड नसतात. 'मिस्ट' अमेरिकेत विक्रीला आला तो २४ सप्टेंबर १९९३ रोजी. त्यानंतर सहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून झोपलेली गावे लातूर आणि आपल्या जिल्ह्यात क्षणात जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे गेली. त्या पिढीला 'जुने दिवस' म्हटले की काय आठवत असेल, हे सास्तूर भागातल्या कोणालाही विचारावे. गोड आठवण आपण बोलावली की येते. भयाची आठवण न बोलावता येते, तेही चित्रासारखी.

याबाबत कोड्याच्याच एका खेळावर लक्षवेधी काम झाले आहे. 'टेट्रिस' हा वरून पडणारे तुकडे जुळवण्याचा खेळ अलेक्सी पाजित्नोव याने १९८४ साली मॉस्कोत बनवला. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात वाहन अपघातानंतर आलेल्या ७१ रुग्णांपैकी काहींना, अपघातापासून सहा तासांच्या आत, तो प्रसंग थोडक्यात आठवायला सांगून मग सुमारे वीस मिनिटे 'टेट्रिस' खेळायला दिले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांपुढे अपघाताचे चित्र इतरांच्या मानाने कमी वेळा आले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तो लहान आहे आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालेला आहे, म्हणून कोणी घरच्या घरी प्रयोग करू नये. पण तुकडे जुळवण्यात गुंतलेल्या नजरेला भयाचे चित्र मनात पक्के करायला कमी जागा उरते, हा त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. कारखान्यातला स्फोट, रस्त्यावरचा अपघात पाहिल्यानंतर महिनाभराने जर कोणाला तेच दृश्य दिसत असेल, दचकून जाग येत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याला उपचाराची गरज आहे. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फोन करून मोफत सल्ला मिळतो.

शेजारी कोण बसायचे?

आता मघाच्या मुद्द्याकडे येऊ. एक चाळिशीचे शिक्षक रक्तदाब तपासायला येतात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). रात्री एकपर्यंत जुना खेळ खेळत. दाब वाढलेला, झोप चार-पाच तासांची. खेळ बंद करा, असे मी त्यांना सांगितले नाही. एवढेच विचारले, "गुरुजी, तेव्हा तुमच्या शेजारी कोण बसायचं?" त्यांनी दोन नावे पटकन सांगितली. एक मित्र पुण्याला कंपनीत, दुसरा बार्शीला दुकानात. "शेवटचं कधी बोललात?" यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकाच्या वडिलांच्या दहाव्याला. धा-बारा वर्षं झाली असतील बघा."

गोळीबरोबर त्यांना दोन फोन लिहून दिले. पुण्याच्या मित्राशी आता रविवारी बोलणे होते. बार्शीच्या मित्राने अजून नीट दाद दिलेली नाही. खेळ सुटलेला नाही, पण त्यांची आठवीतली मुलगी आता शेजारी बसते आणि बाबांच्या उड्या चुकल्या की हसते. रात्री साडेदहाला मोबाईल बाजूला जातो. दाब बराच आटोक्यात आहे, अर्थात गोळी चालूच आहे.

माझे म्हणणे एवढेच, की आपल्याला ओढ लागते ती खेळाची आहे असे वाटते, पण बहुतेकदा ती बाकावरच्या त्या तिघांची असते. खेळ मोबाईलवर फुकट मिळतो. जानेवारी २०१५ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकन संस्थेने असे सुमारे २,४०० जुने खेळ लोकांसाठी खुले केले होते. पण शेजारचा मित्र असा आपोआप मिळत नाही. तो शोधावा लागतो. खुद्द खेळ बनवणाऱ्यांनाही ही ओढ सुटलेली नाही. केन आणि रॉबर्टा विल्यम्स हे अमेरिकन दांपत्य तरुणपणी त्या गुहेच्या खेळानेच झपाटले होते आणि पुढे त्यांनी असे अनेक खेळ बनवले. निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी तोच खेळ नव्या रूपात तयार करून २०२३ साली लोकांपुढे ठेवला. दोघांनी मिळून.

पथ्यपाणी

१. खेळ जरूर खेळावा, पण एका वेळी पाऊण-एक तासापेक्षा अधिक नाही. झोपण्यापूर्वी एक तास मोबाईल बंद.

२. शक्य असेल तर लॅपटॉप किंवा संगणकावर, हातभर अंतरावरून खेळावे. अंधारात खेळू नये.

३. चाळिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा डोळे, रक्तदाब आणि साखर तपासावी. मधुमेह्यांनी डोळ्याच्या पडद्याची तपासणी चुकवू नये.

४. ज्यांना फिट येते त्यांनी लखलखणारे खेळ डॉक्टरांना विचारूनच खेळावेत.

५. एका जागी बसणे अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नये. उठावे, पाणी प्यावे, अंगणात चक्कर मारावी.

६. रोजचे जगणे नकोसे वाटू लागले, जुन्या दिवसांतच मन राहू लागले, भूक-झोप गेली आणि हे दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकले, तर ती हुरहुर नसून नैराश्य असू शकते. डॉक्टरांना दाखवावे. त्यावर चांगली औषधे आहेत.

७. आणि शेवटचे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. आठवड्यातला एक तरी डाव मुलाबरोबर, नातीबरोबर किंवा जुन्या मित्राबरोबर खेळावा. एकाने कीबोर्ड धरावा, दुसऱ्याने ओरडावे. कोडे सुटले नाही तरी चालेल.